ड्रायव्हर मोजून स्पीकर घ्यावा काय?

‘टू-वे स्पीकर ही निव्वळ तडजोड आहे, घरात खरे संगीत ऐकायचे असेल तर चार-पाच ड्रायव्हरचा थ्री-वे टॉवरच हवा’ अशा आशयाचा मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. (ड्रायव्हर म्हणजे पेटीत बसवलेला, आवाज काढणारा एकेक पडदा; टू-वेमध्ये स्वरांची वाटणी दोन पट्ट्यांत होते, थ्री-वेमध्ये तीन; आणि टॉवर म्हणजे जमिनीवर उभी राहणारी उंच पेटी.) त्यात दिलेली तिन्ही कारणे मुंबईच्या घरात टिकत नाहीत.

पहिले कारण असे की, ड्रायव्हर वाढले की आवाज स्वच्छ होतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. गायकाच्या पट्टीतले स्वर वूफरकडून, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या ड्रायव्हरकडून, काढून मधल्या स्वरांच्या मिडरेंजकडे दिले, तर खर्जाच्या हादऱ्याने गळा गढूळ होत नाही, हे खरे. मात्र ही वाटणी क्रॉसओव्हर, म्हणजे पेटीच्या आतली स्वर विभागणारी जोडणी, करतो; संख्या नव्हे. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, आणलेला चार ड्रायव्हरचा एक टॉवर मी मागून उघडला, तेव्हा तिन्ही वूफरना तारा थेट जोडलेल्या होत्या आणि उंच स्वरांच्या ट्वीटरच्या पायाशी सुपारीएवढा एकुलता एक कपॅसिटर डकवलेला होता. पेटीवर अर्थातच ‘थ्री-वे’ छापले होते.

शिवाय जिथे दोन ड्रायव्हर एकच स्वर वाजवतात, तिथे त्यांच्यातले अंतर आड येते. २,५०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते. ड्रायव्हर त्याहून दूर असले, तर कान थोडा वरखाली होताच काही स्वर दबतात. उंच टॉवरचा आवाज एकजीव व्हायला बरेच मागे बसावे लागते, आणि १० बाय १२च्या खोलीत पलंग, कपाट व दाराची झडप वजा केल्यावर मागे सरकायला जागा उरते कुठे? ट्वीटर वूफरच्या मध्यातच बसवण्याची टॅनॉय या ब्रिटिश स्पीकर कंपनीची १९४७ची युक्ती अशा खोलीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

दुसरे कारण खर्जाचे. वूफर जास्त असले की प्रत्येकाला कमी हलावे लागते, हा लाभ निर्विवाद आहे. परंतु १२ फुटांच्या लांबीत खोली सुमारे ४७ हर्ट्‌झला घुमते आणि १० फुटांच्या रुंदीत ५६ला, व छतही १० फुटांवर असेल तर ही दुसरी घुमार दुप्पट अंगावर येते. बेस गिटारची ‘ए’ तार ५५ हर्ट्‌झची असल्याने तेवढाच स्वर गरजतो, बाकीचे मागे पडतात. त्यातून टॉवर भिंतीला टेकलेला (आपल्याकडे तो टेकतोच) असला की ही गर्जना आणखी वाढते आणि पलीकडच्या शेजाऱ्यालाही ती फुकट ऐकावी लागते.

तिसरे कारण, ‘स्टुडिओत मोठेच स्पीकर असतात’, फार वेळ घेत नाही. १९७८चा यामाहा एनएस-१० जगभरच्या स्टुडिओंत वापरला गेला, तो टू-वे होता. बीबीसीने प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठी घडवलेला एलएस३/५ए हाही टू-वेच.

दिवाणखाना ऐसपैस असेल आणि तीन-साडेतीन मीटरवर बसणे शक्य असेल, तर नीट बनवलेला थ्री-वे मी आनंदाने सुचवेन. दुकानात मात्र खुर्ची आपल्या घरात असते तितक्याच अंतरावर ओढून घ्यावी, तानपुऱ्यासह एखादा ओळखीचा आवाज लावायला सांगावे आणि आलाप चालू असताना एकदा उभे राहून पुन्हा बसावे. तेवढ्याने गळ्याचा पोत बदलला, तर ड्रायव्हर कितीही असोत, तो स्पीकर त्या खोलीचा नाही.