त्यानं प्राण दिले, पण निवड आपली होती

'या श्वानांनी देशासाठी स्वखुशीने बलिदान दिले' हे सैन्यातल्या कुत्र्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही सैन्याचा कुत्रा झूम मागे हटला नाही, हे खरंच. पण झूमला देश ठाऊक नव्हता, त्याला त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा जवान, ठाऊक होता. त्या विश्वासावरच आपण त्याला अतिरेकी लपलेल्या घरात पाठवलं. निर्णय आपला आणि जखम त्याची, असं असताना 'स्वखुशी' हा शब्द आपली जबाबदारी हलकी करतो.

माझे थोरले दीर सैन्यात श्वानपथकात होते. उन्हाळ्यात कुत्र्याला बाहेर काढण्याआधी ते स्वतःचा तळहात जमिनीवर टेकवून बघायचे, पंजे भाजतील का म्हणून. सुट्टीवर घरी आले तरी पहिला फोन युनिटला, 'तो जेवला का?' त्यांच्या तोंडून बलिदान हा शब्द मी कधी ऐकला नाही.

आणि लेखात निवृत्तीबद्दल एक ओळही नाही! व्हिएतनाम युद्धात अमेरिकेनं हजारो कुत्रे नेले आणि 'सामान' समजून बहुतेक तिथंच सोडले किंवा मारून टाकले. अशा कुत्र्यांना दत्तक देण्याचा कायदा तिथं व्हायला २००० साल उजाडलं. आपल्याकडेही निवृत्त कुत्र्यांना मारून टाकण्याची पद्धत होती. २०१५ साली माहिती अधिकारातून ती उघड झाल्यावर लोक संतापले, तेव्हा धोरण बदललं. त्यावर लिहा ना.