घोषवाक्य मुलांना ठरवू द्या

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन जानेवारीत आहे. त्याचं घोषवाक्य ठरवण्यासाठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान सुरू झालंय. मतदान पालकांचं, आणि पर्याय मांडव-लाइट-फ्लेक्सचं काम घेतलेल्या इव्हेंटवाल्याचे. 'ड्रीम बिग, फ्लाय हाय', 'अनलीश युवर इनर स्टार', 'रंगतरंग 2.0' आणि असलंच आणखी एक. यातलं कुठलंही उचला आणि कुठल्याही शाळेच्या, बँकेच्या, नाहीतर बिल्डरच्या कार्यक्रमाला लावा, चालून जाईल.

सातवीच्या मुलांनी आपणहून एक ओळ दिली होती. वर्गशिक्षिका बाईंनी ती कौतुकाने ग्रुपवर टाकली: 'मागच्या बाकावरून थेट स्टेजवर!' मी वाचली आणि हातातलं काम टाकून पुन्हा वाचली. तेवढ्यात एका पालकांचा मेसेज आला, "मागचा बाक जरा निगेटिव्ह वाटतं. काहीतरी स्टायलिश हवं, प्रोफेशनल." त्यावर धडाधड अंगठे. संध्याकाळी मतदान उघडलं तेव्हा मुलांची ओळ त्यात नव्हतीच.

अहो, मग स्टाइल म्हणजे काय असते? त्या चार शब्दांत एक पोरगं उठतं, वर्गातून चालत निघतं आणि दिव्यांखाली जाऊन उभं राहतं. वर्षभर ज्याचं नाव फक्त हजेरीत येतं, त्याचं गॅदरिंग आहे हे. यापेक्षा चांगली ओळ कुणी पैसे घेऊनही लिहून देणार नाही.

मी माणदेशातली. 2003 चा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. टँकर आला की शाळेतली निम्मी पोरं घागरी घेऊन रांगेत. जनावरं छावणीत, कितीतरी जणांचे आईबाप ऊसतोडीला. यंदा गॅदरिंग नको, असंच सगळे म्हणत होते. मुख्याध्यापक म्हणाले, खर्च करायचा नाही, पण गॅदरिंग होणार. मराठीच्या सरांनी आठवी ते दहावीच्या वर्गांत कोरे कागद वाटले आणि सांगितलं, यंदाचं घोषवाक्य तुम्ही लिहायचं. आमच्या वर्गात एक मुलगा होता. टँकरपायी त्याला रोज उशीर व्हायचा आणि पहिल्या तासाला तो दाराबाहेरच उभा असायचा. त्याने लिहिलं: 'पाऊस आला नाही, आम्ही आलोय!'

आजही लिहिताना काटा आला अंगावर.

चित्रकलेच्या सरांनी थर्माकोलची अक्षरं कापली. गावातल्या मांडववाल्याने निळा पडदा फुकट दिला. त्या पडद्यावर ती ओळ लागली, बस. ना लाइट, ना धूर सोडायचं मशीन.

आता म्हणाल, तेव्हाचं वेगळं होतं. मुळीच नाही. आपल्याकडे ज्या घोषणा टिकल्या, त्या बघा ना. 'गणपती बाप्पा' म्हटलं की 'मोरया' आपोआप येतं, दोन वर्षांच्या पोरालाही शिकवावं लागत नाही. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, ही आपली रीत. 'गाव तेथे एसटी'त शब्द तीनच, पण वाचलं की आमच्या फाट्यावर थांबणारी लाल गाडी समोर येते. बाबासाहेबांचं 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' बघा. तीन पावलं, आणि प्रत्येक पाऊल करायचं काहीतरी. प्रभातफेरीत आम्ही बेंबीच्या देठापासून 'झाडे लावा, झाडे जगवा' ओरडत गावभर फिरायचो, दमायचो नाही. एका दमात ओरडता आली पाहिजे आणि समोरून उत्तर आलं पाहिजे, एवढी साधी परीक्षा आहे. 'अनलीश युवर इनर स्टार' ओरडून बघा एकदा मैदानात. समोरून कोण काय उत्तर देणार?

इंग्रजी आहे म्हणून मी चिडलेली नाही, हे आधीच सांगते. लेक सेमी-इंग्रजीत आहे. उद्या तिच्या वर्गाने इंग्रजीत झकास ओळ लिहिली तर मीच पहिला अंगठा देईन. बरं, मुलंही रील्समधून ढापतात, तेही मान्य. ढापू देत. दहा ढापलेल्यांत एक स्वतःची निघते, आणि त्या एकीसाठीच हा खटाटोप करायचा.

कॉलेजला पुण्यात आले तेव्हा भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक पाहिला. 1963 पासूनची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. 'अरे, आवाज कुणाचा' म्हणत पोरं आपापल्या कॉलेजच्या नावाने छप्पर डोक्यावर घेतात. तो आवाज त्यांना कुठल्या इव्हेंटवाल्याने लिहून दिला? आणि गॅदरिंगमधले फिशपॉन्ड? अख्ख्या वर्गाची नस पकडून दोन ओळींत मुलं काय मारतात! वर्षभर निबंधात 'मोबाइल शाप की वरदान' लिहिणारी हीच मुलं. त्यांना लिहिता येत नाही असं नाही, आपण कागद पुढे करत नाही.

शिक्षकांवर माझा राग नाही, खरंच. सरल, यूडायस या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरा, मतदार यादीच्या कामाला जा, आणि उरलेल्या वेळात नाच बसवा. तयार चार ओळी कुणी आणून दिल्या तर माणूस त्या घेतो. आमच्या बाईंनी तर मुलांची ओळ ग्रुपवर टाकण्याची हिंमत केली. त्यांना तोंडघशी पाडलं ते आपण पालकांनी. ते मला जास्त लागलंय.

कारण मला ती गॅदरिंगची रात्र आठवते. आमच्या गावातल्या कितीतरी आज्यांना वाचता येत नव्हतं. "पडद्यावर काय लिवलंय गं?" असं त्या शेजारच्या पोरींना विचारत होत्या. मग कुणीतरी स्टेजवरून ओरडलं, "पाऊस आला नाही!" आणि मैदानातून सगळ्या पोरांनी उत्तर दिलं, "आम्ही आलोय!" पुढच्या खेपेला त्या आज्याही ओरडल्या. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी खिशातलं भाषण काढलंच नाही, त्या ओळीवरच बोलले. आणि तो मुलगा, रोज दाराबाहेर उभा राहणारा, त्या रात्री स्टेजच्या कडेला उभा होता आणि सगळं गाव त्याचे शब्द ओरडत होतं. कुठली ट्रॉफी देणार याच्या तोडीची?

हे सातवीच्या त्या मुलांच्या वाट्याला येऊ शकलं असतं. "निगेटिव्ह वाटतं" या दोन शब्दांनी आपण ते काढून घेतलं. मागच्या बाकावर बसणाऱ्यांची लाज वाटते का आपल्याला? फोटो चांगले यावेत म्हणून?

फोटो चांगले येतात फ्लेक्सपुढे. बरं, येतात.

तर मी काय करतेय ते सांगते. ग्रुपवरच्या मतदानात मी मत देणार नाही. सोमवारी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी मागणी देणार आहे: पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गात एक डबा ठेवा, आठवडाभर ओळी येऊ द्या. मराठीचे शिक्षक त्यातल्या पाच-सहा निवडतील आणि मत मुलंच देतील, हात वर करून. पालकांना मत नाही, संस्थाचालकांनाही नाही. सातवीची ओळ त्यात पुन्हा घ्या. पडली तर पडली, मुलांच्या मतांनी पडू दे. थर्माकोलवर 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे अक्षरं पुठ्ठ्याची करू. चित्रकलेच्या सरांना मी विचारलंय, ते तयार आहेत. पुठ्ठा आणि रंग माझ्याकडून. ज्यांना फ्लेक्सच हवा आहे त्यांनी खुशाल लावावा, फक्त त्यावर ओळ मुलांची छापावी. आपल्या शाळेतले जे पालक हे वाचताय, सोमवारी साडेचारला या, मागणीवर सह्या हव्या आहेत.