रडता रडता श्वास अडकतो, तो हट्ट नव्हे

नात्यातल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मजकूर पुन्हा आला. ‘मूल रडताना श्वास कोंडून काळंनिळं पडत असेल तर तो हट्टीपणा आहे. लगेच तोंडावर गार पाणी मारा, नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरा, दातखीळ बसली तर चमचा घाला. दुर्लक्ष केलं तर पुढे फिट्स येतात. अशा मुलाला रडूच देऊ नका.’ खाली ‘सर्व आईवडिलांना पाठवा’. माझ्या लेकीला चौदाव्या महिन्यापासून हे होत होतं; डॉक्टर याला ‘ब्रेथ-होल्डिंग स्पेल’ म्हणतात. म्हणून एकेक वाक्य धरून उत्तर देते.

आधी ‘हट्टीपणा’. हट्टासाठी मनात काहीतरी ठरवावं लागतं. इथे मूल काहीच ठरवत नाही. राग, दुखणं, दचकणं यांपैकी काहीतरी होतं, मूल जोरात रडतं, सगळी हवा बाहेर जाते आणि पुढचा श्वास आतच येत नाही. तोंड उघडं आणि आवाज बंद. ओठ जांभळे होतात, अंग ताठ होतं किंवा ढिलं पडतं, काही मुलं बेशुद्ध होतात. बेशुद्ध होताच शरीर आपणहून श्वास सुरू करतं. बहुतेक वेळा हे सगळं एका मिनिटाच्या आत आटोपतं. दुसऱ्या प्रकारात डोक्याला टेंगूळ येतं किंवा मूल एकदम घाबरतं, क्षणभर हृदयाचे ठोके मंदावतात आणि ते निळं न होता पांढरंफटक पडतं. दोन्ही गोष्टी त्याच्या हातात नसतात. सहा महिने ते सहा वर्षं या वयात धडधाकट मुलांमध्येही हे दिसतं आणि पुष्कळदा घराण्यात असतं. माझ्या नवऱ्यालाही लहानपणी असंच व्हायचं, हे सासूबाईंना लेकीचं पाहिल्यावर आठवलं.

आता पाणी, कांदा आणि चमचा. पहिल्या वेळी आमच्याकडे हे तिन्ही झालं. तिच्या हातातली कात्री मी काढून घेतली, ती किंचाळली आणि मग आवाजच आला नाही. सासूबाई कांदा फोडून आणायला धावल्या, मी तिला उभी धरून गदागदा हलवलं, शेजारच्या काकूंनी तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आली तेव्हा ती ठसकत होती आणि तिच्या ओठावर चमच्याची खोच होती. त्या दिवशी तिला खरी इजा केली ती आम्ही. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, चमच्याने दात आणि हिरड्या दुखावतात, हलवल्याने मेंदूला मार बसू शकतो. उभं धरल्याने मेंदूकडे रक्त आणखी कमी जातं. करायचं एवढंच: मुलाला जमिनीवर कुशीवर निजवायचं, तोंडात घास असेल आणि दिसत असेल तर बोटाने काढायचा, डोकं आपटेल असं काही जवळ असेल तर सरकवायचं आणि घड्याळाकडे बघायचं. पुढच्या वेळी मी मोठ्याने आकडे मोजले. बावीसला तिने श्वास घेतला. ते बावीस आकडे फार लांब होते, हे मी नाकारणार नाही.

‘पुढे फिट्स येतात’ या वाक्याने मी कित्येक रात्री जागले. हे वेगळं आहे, अपस्मार (वारंवार फिट येण्याचा आजार) नाही, आणि यातून अपस्मार होत नाही. झटके दिसले तरी क्रम बघा. इथे आधी कारण घडतं, मग रडणं, मग निळं पडणं, आणि शेवटी आले तर एक-दोन झटके. फिटमध्ये बहुधा झटके आधी येतात आणि रंग नंतर बदलतो. घरातल्या दुसऱ्या कुणी मोबाइलवर चित्रीकरण केलं, तर डॉक्टरांना शंभर प्रश्नांचं काम त्यात होतं. बहुतेक मुलांचं हे शाळेत जायच्या वयापर्यंत आपोआप थांबतं.

त्या मजकुरात जे अजिबात नाही, तेच सगळ्यात कामाचं आहे: लोह. रक्तात लोह कमी असलेल्या मुलांना हे जास्त वेळा होतं आणि लोहाचं औषध दिल्यावर पुष्कळ मुलांत ते कमी होतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे डॉक्टरांना ‘हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघूया का?’ असं विचारायला संकोच नको. आमच्या लेकीचं पोट दिवसभर दुधावर भरायचं, वर चहात बुडवलेलं बिस्किट. दूध कमी केलं, चहा बंद केला, डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं लोहाचं सिरप सुरू केलं. शी काळी होते, दातांवर डाग पडतात, त्याने घाबरू नका. बाटली मात्र मुलाच्या हाती लागता कामा नये, जास्त लोह मुलांना विषासारखं बाधतं. महिना-दोन महिन्यांत आठवड्याला तीन-चारदा होणारं महिन्यातून एकदा होऊ लागलं.

पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवायचंच. पांढरं पडण्याचा प्रकार असेल तर ईसीजी करून घ्या. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, कारण नसताना, झोपेत किंवा खेळताना-पळताना झालं, शुद्धीवर आल्यावर बराच वेळ भान नसेल, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर थांबू नका. एक मिनिट झालं आणि श्वास नाही, तर १०८ला फोन आणि तोंडाने श्वास देणं सुरू.

राहिलं ‘रडूच देऊ नका’. दोन वर्षांच्या मुलाला रडू न देणं कोणत्या घरात जमतं? भूक आणि झोप सांभाळली की रडण्याचे निम्मे प्रसंग टळतात, तेवढं जरूर करा. पण ज्याला नाही म्हटलं त्याला नाहीच राहू द्या. माझी लेक शुद्धीवर आली की पाच मिनिटं मांडीवर पडून राहायची, मग तिला कात्री आठवायची. कात्री फडताळावरच राहायची. मी तिला कडेवर घेऊन गॅलरीत जायचे आणि समोरच्या तारेवरचे कावळे मोजायला लावायचे.