मुकं जनावर म्हणे!

रात्री पावणेदोनला बाल्कनीच्या ग्रिलला पंजे लावून कुत्रं अर्धा तास बोंबलतं आणि सकाळी मालकाचं ठरलेलं उत्तर: "मुकं जनावर आहे हो, भुंकणारच." मुकं असतं तर भांडण कशाला झालं असतं? त्याला बाहेर कोंडायचं आणि आपण आत एसी लावून घोरायचं. खाली मांजर फिरतं, रस्त्यावरची कुत्री दिसतात, मग ते बिचारं ओरडेल नाही तर काय करेल! रात्री घरात घ्या, ग्रिलच्या खालच्या तीन फुटांना आतून चटई बांधा. बराचसा त्रास तिथेच मिटतो. पण हे सांगितलं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

तक्रारदारांचा शहाणपणा तर विचारूच नका. आधी ग्रुपवर शिव्या, मग सर्वसाधारण सभेत "कुत्री पाळण्यास बंदी" असा ठराव. अरे, सोसायटीला बहुमतानेही अशी बंदी घालता येत नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे लिहिलंय. कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवण्याचा प्रयत्न करावा, हेही त्याच सूचनांत आहे. ते मात्र मालक सोयीस्कर विसरतो आणि कमिटीने ते कागद उघडलेलेच नसतात.

मग पोलीस ठाण्यात "एफआयआर घ्या" म्हणून आदळआपट. कसली एफआयआर? सार्वजनिक उपद्रव, भारतीय न्याय संहिता कलम २७० आणि २९२. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे एनसी; दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासही नाही. दंड जास्तीत जास्त १,००० रुपये. मालक तो डॉगफूडच्या पिशवीच्या हिशेबात धरून मोकळा! शिवाय यातला "सार्वजनिक" शब्द कुणी वाचतच नाही. अख्खी विंग जागी राहत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपद्रव थांबवण्याचा आदेश मागायला कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एकट्या तुमच्या बेडरूमलाच त्रास असेल तर तो खाजगी उपद्रव, त्यासाठी दिवाणी कोर्ट. चुकीच्या दारात सहा महिने घालवायचे आणि वर कायद्यालाच शिव्या द्यायच्या.

पुरावा म्हणून काय, तर मोबाइल ॲपचा स्क्रीनशॉट! निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, पण ती सरासरी असते. भिंतीपल्याडून ६५ डेसिबलने येणारं भुंकणं तासाभरात सगळं मिळून वीस सेकंद असेल, तर तासाची सरासरी ४३ च्या आसपास पडते. झोपेचं खोबरं झालेलं असतं आणि आकडा नियमात! म्हणून वही ठेवा: तारीख, सुरू कधी, थांबलं कधी, आणखी कोणत्या फ्लॅटला ऐकू गेलं. त्या फ्लॅटवाल्यांच्या सह्या घ्या. सोसायटीला दिलेल्या पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, मालकाला स्पीड पोस्टने पाठवा. रेकॉर्डिंगची मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत बहुधा वेगळी फाइल होते, हॅश (म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा) जुळत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडताना वकील कपाळावर हात मारतो.

दाव्यात "कुत्रं हटवा" मागून तर हमखास तोंडावर आपटाल. "रात्री १० ते सकाळी ६ बाल्कनीत ठेवू नये" असा मनाई हुकूम मागा, आणि निकालापर्यंत अंतरिम मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या.