विझर्ड्‌स हरत असताना तिकीट का काढायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

NBA या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझर्ड्‌सची घरच्या मैदानावरची मॅच मित्रासोबत बघावी, या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. संघ मुद्दाम हरतोय, मग पैसे देऊन त्याला साथ का द्यायची? जायचंच तर लेकर्स किंवा वॉरियर्स येतील तेव्हा जावं, एरवी टीव्ही पुरतो. आणि बास्केटबॉल न कळणारा मित्र अर्ध्यातच कंटाळेल. प्रश्न खरे आहेत, म्हणून उत्तर जरा लांबलं आहे.

आधी हरण्याबद्दल. NBA चे संघ दरवर्षी क्रमाने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यातले वरचे क्रमांक सोडतीने ठरतात आणि मागे पडलेल्या संघांना जास्त संधी असते, म्हणून मुद्दाम हरल्याचा संशय येतो. 2023-24 मध्ये 15 विजय आणि 67 पराभव, 2024-25 मध्ये 18 आणि 64. या आकड्यांची बाजू कोणी घेऊ शकत नाही. 1978-79 नंतर या संघाने एकाही मोसमात 50 मॅच जिंकलेल्या नाहीत, तेव्हा इथल्या प्रेक्षकांचा राग जुना आणि रास्त आहे. पण हरायचा हिशेब करणारे आणि मैदानावर धावणारे लोक वेगळे असतात. जून 2023 मध्ये संघाचा स्टार ब्रॅडली बीलला फिनिक्सच्या संघाकडे पाठवलं, अनुभवी खेळाडू एकेक करून गेले, हे निर्णय व्यवस्थापनाचे. उलट ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्याचा पगार पहिली दोनच वर्षं पक्का असतो. तिसरं आणि चौथं वर्ष द्यायचं की नाही हे संघ ठरवतो. रोज रात्री ज्याची परीक्षा चालू आहे, तो पोरगा हरण्यासाठी कशाला खेळेल?

13 एप्रिल 2025 ची मायामीतली मोसमातली शेवटची मॅच आठवून पाहा. शेवटच्या क्षणी बब कॅरिंग्टनने बास्केट केली आणि विझर्ड्‌स एका गुणाने जिंकले. हरले असते तर तळाच्या युटा संघाशी 17-65 अशी बरोबरी झाली असती आणि दोघांचा क्रम सोडतीने लागला असता. जिंकल्यामुळे वॉशिंग्टन तळातून दुसरं ठरलं. याचा फरक ड्राफ्टच्या सोडतीत कुठे पडला ते बघा. त्या वर्षीच्या नियमांत तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, 14 टक्के, होती. पण सगळ्यात खालचा संघ पाचव्याच्या खाली घसरू शकत नव्हता, दुसरा मात्र सहाव्यापर्यंत घसरू शकत होता. झालंही तसंच. युटाला पाचवा क्रमांक मिळाला, वॉशिंग्टनला सहावा, आणि पहिला गेला 1.8 टक्केच संधी असलेल्या डॅलसला. कॅरिंग्टन बाल्टिमोरचा, म्हणजे जवळपास गावचाच मुलगा. पहिल्याच मोसमात तो सगळ्या 82 मॅच खेळला. त्याने मुद्दाम हरावं अशी अपेक्षा ठेवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आता तिकीट. मोठं नाव येणार असेल त्या रात्री दर चढतात आणि तेवढ्याच पैशांत तुम्ही सगळ्यात वरच्या, 400 च्या मजल्यावर जाता. तिथून सगळं दिसतं, पण ऐकू काही येत नाही. मंगळवारी-बुधवारी एखादा कमी गाजलेला संघ आला की त्याच बजेटमध्ये मैदानालगतच्या 100 च्या मजल्यावर बसता येतं. मोसमभराचं तिकीट काढलेल्यांची न वापरलेली जागा मॅच सुरू झाल्यावर वाया जाते, म्हणून पुनर्विक्रीचे दर शेवटच्या काही तासांत बहुधा उतरतात. मे 2025 पासून शुल्कासकट पूर्ण किंमत आधीच दाखवणं विक्रेत्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना करणं सोपं झालंय. मात्र दोन तिकिटं शेजारशेजारची आहेत ना, हे तपासल्याशिवाय पैसे भरू नका. मित्र ऑफिसातून परस्पर येणार असेल तर त्याचं तिकीट दुपारीच त्याच्या फोनवर पाठवा. बारकोड सतत बदलणारा असतो, स्क्रीनशॉट दारावर चालत नाही.

स्टार बघायलाच जाणार असाल तर एक धोका लक्षात घ्या: लागोपाठच्या दोन रात्रींत मॅच असतील तर पाहुणा संघ दुसऱ्या रात्री त्याला विश्रांती देऊ शकतो. दुखापतींची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत द्यावी लागते, आणि लागोपाठच्या दुसऱ्या मॅचसाठी त्याच दिवशी दुपारी 1 पर्यंत. ती बघून मगच तिकीट घ्या.

जागा घेताना बास्केटच्या अगदी मागच्या पहिल्या काही रांगा टाळा, खांब आणि काच आड आल्याने पलीकडचं टोक नीट दिसत नाही. कोपऱ्यातल्या, साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेतल्या जागा उत्तम. तिथून मैदान तिरकं दिसतं आणि दोन खेळाडूंमधली मोकळी जागा डोळ्यांत भरते. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे फिरतो, म्हणून नेमकी हीच गोष्ट घरी हातून निसटते.

मित्राच्या कंटाळ्यावर उपाय एकच: त्याला बॉलऐवजी डिफेन्स बघायला सांगा. बॉल असलेल्या खेळाडूसाठी साथीदार आडवा उभा राहतो, त्याला स्क्रीन म्हणतात. त्या क्षणी बचाव करणाऱ्या दोघांना ठरवायचं असतं: बॉलवाल्याला अडवणाऱ्या गार्डने स्क्रीनच्या वरून (पुढून) जायचं की खालून (मागून), उंच खेळाडूने पुढे यायचं की बास्केटपाशी थांबायचं. गार्ड खालून गेला आणि समोरचा चांगला नेमबाज असेल तर तीन गुण गेलेच. दोघेही बॉलवर धावले तर कोणीतरी मोकळा सुटतो, आणि तिसऱ्याने मदतीला यायला अर्धा सेकंद उशीर केला की सोपी बास्केट. नवख्यांचा संघ हरतो तो बहुतेकदा या अर्ध्या सेकंदात. दुसरी गळती बॉल हातून गेल्यावरची: पाचपैकी दोघे जागेवरच हळहळत राहतात आणि समोरचे तिघे पळत सुटतात. तिसरी रिबाउंडची, म्हणजे नेम चुकल्यावर परत येणारा बॉल पकडण्याची. एका हल्ल्याला मिळणारे 24 सेकंद नेटाने बचाव केला, नेम चुकला, पण आपल्या माणसाला अंगाने अडवलं नाही. बॉल पुन्हा त्यांच्याकडे आणि घड्याळावर नवे 14 सेकंद. जिंकणाऱ्या संघात या चुका इतक्या कमी आणि इतक्या लवकर झाकल्या जातात की नव्या माणसाला दिसतच नाहीत. इथे दहा मिनिटांत तो स्वतः ओळखायला लागतो. फलकावरचे संघाचे फाउलही त्याला दाखवा, क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला थेट फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर नेम, मिळतात.

दारं उघडल्याबरोबर आत जा. सराव करताना सहायक प्रशिक्षक एकेका तरुण खेळाडूकडून कोणती हालचाल घोटून घेतायत ते बघून ठेवलं की मॅचमध्ये तीच शोधता येते. 48 मिनिटांच्या खेळाला सव्वादोन तास लागतात. खायला उठायचं असेल तर मध्यंतराच्या 15 मिनिटांत उठू नका, तेव्हा सगळेच उठतात. प्रत्येक क्वार्टरमध्ये 7 आणि 3 मिनिटं उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबला की सक्तीचा टाइमआउट असतो, तो गाठा.

वीस गुणांनी मागे पडल्यावर लोक निघतात, पण तुम्ही थांबा. तेव्हा राखीव खेळाडू उतरतात, कधी कॅपिटल सिटी गो-गो या दुय्यम संघातले, टू-वे करारावरचे, म्हणजे दोन्ही संघांकडून खेळणारे. अशा खेळाडूला मोसमात मुख्य संघासोबत जास्तीत जास्त 50 मॅच मिळतात, म्हणून उरलेली तीन मिनिटंही तो जीव तोडून खेळतो. हा प्रकार आवडला आणि बजेट कमी असेल तर गो-गोच्याच मॅच बघा. त्यांचं मैदान मेट्रोच्या ग्रीन लाइनवर काँग्रेस हाइट्सला आहे, जेमतेम 4,200 जागांचं, त्यामुळे कुठूनही जवळच वाटतं.

परतीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मेट्रोच्या सिल्व्हर लाइनवरच्या ॲशबर्न-हर्नडन या उपनगरांकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. मॅच संपल्यावर स्टेडियमच्या दाराशीच असलेल्या गॅलरी प्लेस स्टेशनला गर्दी उसळते, आणि तिथे सिल्व्हर लाइन येतही नाही. सरळ मेट्रो सेंटर स्टेशनपर्यंत चालत जा, चारपाच चौक आहेत. गाडी बदलायची कटकट वाचते. स्मारट्रिप या मेट्रोच्या कार्डात परतीचे पैसे जातानाच भरून ठेवा.