आजींची सात मिनिटं आणि इतिवृत्तातली एक ओळ

प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीसाठी आज जी जनसुनावणी झाली, तिच्या इतिवृत्ताचा फोटो आत्ता ग्रुपवर आला. एक आजी सात मिनिटं बोलल्या होत्या. पावसात कुठले तीन ओढे जागे होतात, कुणाचं पाणी कुठल्या शेताखाली मुरतं, सगळं तोंडपाठ. इतिवृत्तात काय? "पाण्याबाबत शंका उपस्थित केली." झालं!

अधिकाऱ्यांना शिव्या घालून झाल्या असतील तर आपल्याकडेही वळू. २००६ च्या ईआयए (म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस लागते. ते ३० दिवस फलक रंगवायला नसतात हो! मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. मराठी सारांशावर थांबू नका, जाड अहवाल उघडा आणि आधी पाहणीच्या तारखा बघा. बरेचदा पावसाळा सोडून एकाच हंगामात पाहणी उरकलेली असते. मग पानगळीतलं जंगल 'विरळ झुडपं' ठरतं, बेडूक यादीतच नसतात, आणि आजींचे तिन्ही ओढे नकाशावरून गायब.

हरकत लिहिताना एका कागदावर एकच मुद्दा. अहवालाचा पान क्रमांक, गट नंबर, ओढा कुठून कुठे जातो, पावसाळ्यातला तारखेसह फोटो. दोन प्रती करायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचाच. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर पन्नास जणांनी सह्या केल्या, तर पन्नास कागदांचा एकच मुद्दा होतो.

आणि शेवटपर्यंत थांबा! सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, त्याच दिवशी त्यावर सही व्हायची, असा नियमच आहे. चुकलेलं तिथंच उठून दुरुस्त करायचं असतं. आज ते वाचलं जात होतं तेव्हा आपली मंडळी घोषणा देऊन गाडीत बसली होती. आजींच्या बाजूनं उठायला कुणी नव्हतं.

हो, सुनावणी म्हणजे संमती नव्हे, एवढं करूनही मंजुरी मिळते. मान्य. पण मंजुरीनंतर ३० दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करायचं (सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस), आणि तिथं घोषणा नाही, शिक्क्याचा कागद बघतात. वनजमीन असेल तर वनहक्क कायद्याखालची ग्रामसभा वेगळी. तिथं निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला, तो ठरावांनी.

जाऊ दे. रागावून आजींचे ओढे परत येणार नाहीत. सुनावणीचं चित्रीकरण झालंय, ते करणं बंधनकारकच असतं. त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. ती सात मिनिटं शब्दशः उतरवून घ्या, आजींना वाचून दाखवा, त्यांचा अंगठा घ्या आणि प्रकल्प तपासणाऱ्या मूल्यांकन समितीला पाठवा. ओढ्यांची नावं मात्र सुधारून लिहू नका. त्या म्हणतात तशीच ठेवा, पुढं कंसात गट नंबर.