‘लाल-पिवळा भिडला तर विषारी’: हा नियम आपल्या घरात आणू नका

पावसाळा लागला की सापांबद्दलचा एक फॉरवर्ड ठरल्यासारखा फिरू लागतो. वर लाल, काळ्या, पिवळ्या कड्यांच्या एका देखण्या सापाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘रंग बघा, जीव वाचवा. लाल रंगाला पिवळा भिडला तर साप विषारी. लाल रंगाला काळा भिडला तर तो किंगस्नेक, बिनविषारी, बिनधास्त पकडा. नियम जगभर चालतो. पट्टे वेगळे तर जात वेगळी. किंगस्नेक हा किंग कोब्राचा भाऊ आहे.’

यंदा तो मला पाठवणाऱ्यांत शाळेतल्या एक बाई होत्या. मुलांना वाचून दाखवू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हणालो. आमच्या तालुक्यात साप निघाला की ज्यांना फोन येतो त्यांच्यापैकी मी एक आहे, आणि ‘बिनधास्त पकडा’ हे दोन शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘नियम जगभर चालतो.’

फोटोतला साप आपल्याकडचा नाही. तो स्कार्लेट किंगस्नेक, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याच भागात ईस्टर्न कोरल स्नेक नावाचा विषारी साप आहे. दोघांच्या अंगावर तेच तीन रंग, फक्त क्रम वेगळा. कोरल स्नेकच्या लाल आणि काळ्या रुंद कड्यांच्या मधे पिवळी बारीक कडी असते, त्यामुळे लाल पिवळ्याला लागतो. किंगस्नेकचा लाल मात्र दोन्ही बाजूंनी काळ्यात बसवलेला असतो. या दोन सापांत गल्लत होऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी इंग्रजीत यमक जुळवून ही ओळ केली. त्या मुलखापुरती ती बऱ्यापैकी उपयोगाची आहे, हे मान्य करायला हवं. तिथेही कड्या नसलेले, जवळजवळ काळे कोरल स्नेक अधूनमधून सापडतात, म्हणून तिथले जाणकारसुद्धा या ओळीवर विसंबून सापाला हात लावू नका असंच सांगतात.

आता दक्षिण अमेरिकेत या. तिथल्या कितीतरी कोरल स्नेकच्या अंगावर काळ्या कड्या तीन-तीनच्या जुडग्याने येतात, जुडग्यात मधे पांढरी किंवा पिवळी कडी असते आणि जुडग्याची कडेची काळी कडी सरळ लालला टेकलेली असते. म्हणजे लाल-काळा भिडलेला, आणि साप पक्का विषारी. ब्राझीलमध्ये कुणी हा फॉरवर्ड वाचून साप उचलला तर काय होईल, याचा विचार करा. उलट अ‍ॅरिझोनाच्या सोनोरा वाळवंटात फावड्यासारख्या नाकाचा, वाळूत घुसणारा एक छोटा साप आहे. त्याचा लाल पिवळ्याला लागतो आणि तो माणसाला निरुपद्रवी आहे.

आणि भारत? आपल्या ‘चार मोठ्यां’पैकी, म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यापैकी एकाच्याही अंगावर लाल-पिवळ्या-काळ्या कड्या नसतात. पूर्व विदर्भात आढळणारा पट्टेरी मण्यार काळा-पिवळा असतो, लाल त्याच्यावर कुठेच नाही, आणि तो विषारी आहे. आपल्याकडचा पोवळा साप तर वरून साधा तपकिरी, काळ्या डोक्याचा, पेन्सिलीहून बारीक. त्याचा लाल रंग पोटाला असतो आणि डिवचला की तो शेपटी वळवून खालचा रंग दाखवतो. फॉरवर्डचा नियम लावायला इथे जागाच नाही. वाचणारा माणूस काय निष्कर्ष काढतो? ‘लाल-पिवळं नाही ना, मग भिऊ नका.’ खरा धोका इथे आहे.

‘पट्टे वेगळे तर जात वेगळी.’

यावर मी जरा थांबणार आहे, कारण ही चूक एकेकाळी शास्त्रज्ञांनीही केली होती आणि ती सुधारली कशी, ही गोष्ट मला फार आवडते.

कॅलिफोर्नियात किंगस्नेक दोन रूपांत दिसतो. एकाच्या अंगावर गडद आणि फिकट आडवे पट्टे. दुसऱ्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एकच उभी फिकट रेघ, मुंजीतल्या उपरण्याच्या काठासारखी सरळ. १८३५ मध्ये रेघवाल्याला एक नाव मिळालं, १८५३ मध्ये पट्टेवाल्याला दुसरं. जवळजवळ शंभर वर्षं ते दोन वेगळे साप म्हणून पुस्तकांत नांदले.

सॅन डिएगोत लॉरेन्स क्लॉबर नावाचा गृहस्थ होता. पेशाने वीज कंपनीतला इंजिनिअर, पण सापांचा नाद असा की तिथल्या प्राणिसंग्रहालयाला सरपटणाऱ्या प्राण्यांबाबत सल्ला तो देत असे. दोन्ही रूपं एकाच जिल्ह्यात, एकाच तऱ्हेच्या जागी मिळतात हे त्याला खटकत होतं. उत्तर अंड्यांतून आलं. एकाच मादीच्या अंड्यांतून काही पिल्लं आडव्या पट्ट्यांची निघाली, काही उभ्या रेघेची. क्लॉबरने १९३६ मध्ये आणि पुन्हा १९३९ मध्ये हे मांडलं. एका आईची सख्खी भावंडं दोन जातींची कशी असतील? दोन नावांचं एक झालं. मधल्याअधल्या नक्षीचेही साप मिळतात, निम्म्या अंगावर रेघ आणि पुढे तुटक पट्टे असलेले.

यातली प्रदेशाची बाजू बघा. उभ्या रेघेचे साप मुख्यतः सॅन डिएगोच्या आसपास आणि खाली बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला मिळतात, बाकी बहुतेक मुलूख पट्टेवाल्यांचा. किनाऱ्याकडचे पट्टेवाले चॉकलेटी आणि पिवळसर, वाळवंटातले कुळकुळीत काळे आणि पांढरेशुभ्र. मेक्सिकोच्या सोनोरात हाच गट जवळपास अख्खा काळा होतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या किंगस्नेकच्या काळ्या अंगावर साखळीसारख्या बारीक फिकट रेषा असतात. केंटकी-टेनेसीकडे ती साखळी विरत जाते आणि साप काळाच दिसतो. मिसिसिपीच्या खोऱ्यात गेलात की प्रत्येक काळ्या खवल्यावर एक पिवळा ठिपका, जणू काळ्या पाटीवर कुणी मोहरीचे दाणे एकेक करून मांडलेत. फ्लोरिडात दोन नद्यांच्या मधल्या अ‍ॅपलाचिकोलाच्या सखल पट्टीत तर रुंद पट्ट्यांचे, उभ्या रेघेचे आणि बिननक्षीचे असे तिन्ही शेजारी शेजारी राहतात.

अलेक्झांडर पायरन आणि फ्रँक बर्ब्रिंक यांनी २००९ मध्ये या सगळ्यांचा डीएनए तपासून त्यांच्या पाच जाती केल्या. नक्षीवरून पाडलेल्या जुन्या पोटजातींपैकी काही त्यात टिकल्या नाहीत. फ्लोरिडाचा फिकट, ठिपक्यांचा साप पूर्व किनाऱ्याच्या साखळीवाल्याच्याच जातीत आला. उलटही झालं. अंगावर कड्या आणि चट्टे असलेला मिल्क स्नेक ही किंगस्नेकचीच बहीण-शाखा. कॅनडापासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेला तो एकच साप आणि त्याच्या २५ पोटजाती असं मानत आले होते. २०१४ मध्ये डीएनएवरून तो सात जातींत विभागला गेला. म्हणजे वेगळे दिसणारे एक निघाले आणि सारखे दिसणारे अनेक. मिल्क स्नेकपैकीच कोस्टा रिका आणि पनामाच्या उंच डोंगरांतला साप लहानपणी लाल-काळ्या-फिकट कड्यांचा असतो आणि मोठा होता होता अख्खा काळा होतो. एकाच सापाचं लहानपण आणि थोरपण फॉरवर्डच्या हिशोबाने दोन जातींत मोडेल.

‘बिनविषारी साप विषारीचं सोंग घेतो, त्याचा रंग कायमचा ठरलेला असतो.’

फॉरवर्डच्या एका लांबलचक आवृत्तीत हे वाक्यही आहे. पहिला अर्धा भाग स्कार्लेट किंगस्नेकपुरता खरा आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या डेव्हिड फेनिग आणि सहकाऱ्यांनी प्लॅस्टिसिनचे साप करून रानात ठेवले, काही कड्यांचे, काही रेघांचे, काही साधे तपकिरी, आणि मऊ अंगावर कुणाच्या दातांच्या खुणा उमटतात ते पाहिलं. २००१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: जिथे खरा कोरल स्नेक राहतो तिथे शिकारी प्राणी कड्यांच्या सापाला टाळतात, जिथे तो नाही तिथे टाळत नाहीत. सोंगाची किंमत गाव बदललं की बदलते.

‘कायमचा ठरलेला’ हे मात्र साफ चूक. नॉर्थ कॅरोलिनाच्या सँडहिल्स भागातून कोरल स्नेक १९६०च्या सुमारास नाहीसा झाला. मग नक्कल करणाऱ्याचं काय झालं? संग्रहालयांत जपलेले आधीचे साप आणि नंतर पकडलेले साप ताडून पाहिले, तर पुढच्या काही दशकांत तिथल्या स्कार्लेट किंगस्नेकच्या लाल-काळ्याचं प्रमाण कोरल स्नेकच्या आणखी जवळ गेलेलं निघालं. फ्लोरिडात कोरल स्नेक अजून भरपूर आहेत, तिथे असा बदल दिसला नाही. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी तो निष्कर्ष दोनदा वाचला. विषारी साप गेल्यावर नक्कल ढिली पडेल असं मला वाटलं होतं. अभ्यासकांचं म्हणणं असं की खरा साप मुळातच विरळा असतो तिथे शिकारी थोडीशी चुकलेली नक्कलही खपवून घेत नाहीत, आणि मूळ साप संपल्यावरही काही पिढ्या तो दाब राहतो. माणसाच्या एका आयुष्यात सापांचा रंग सरकतो, तर त्यावर बेतलेली यमकं किती दिवस पुरणार?

‘किंगस्नेक हा किंग कोब्राचा भाऊ.’

नाही. दोघंही दुसऱ्या सापांना खातात म्हणून दोघांना ‘किंग’ म्हणतात, नातं एवढंच. किंगस्नेकला विष नाही, तो विळखा घालून आवळून मारतो, रॅटलस्नेकलासुद्धा. नात्याने तो आपल्या धामणीच्या जवळचा. आणि मिल्क स्नेकबद्दल तिकडच्या शेतकऱ्यांचा समज अगदी आपल्यासारखाच आहे. गोठ्यात दिसतो म्हणून तो गाईचं दूध पितो म्हणतात, जसं आपल्याकडे धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात. दोन्ही साप गोठ्यात उंदरांसाठी येतात. सुईसारख्या दातांनी, ओठ नसलेल्या तोंडाने सड ओढणं कुठल्याच सापाला जमत नाही.

आता फॉरवर्डमध्ये नसलेला पण सगळ्यांच्या डोक्यात असलेला मुद्दा. आपला स्वतःचा एक पट्ट्यांचा नियम आहे: पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरले तर बिनविषारी कवड्या, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ तर मण्यार. मी स्वतः तो शिकलो आणि बराच काळ शिकवलाही. तो यमकापेक्षा चांगला आहे, कारण इथल्याच सापांवरून केलेला आहे. पण गेल्या ऑगस्टमध्ये रात्री अकराला एका घरी गेलो. भाताच्या पोत्यांमागे साप होता आणि घरातला कॉलेजातला मुलगा काठीने पोती सरकवत होता. ‘काका, पट्टेच नाहीत, मण्यार नसणार,’ म्हणाला. बॅटरी मारली. निळसर काळं, तकतकीत अंग, पुढचा निम्मा भाग कोरा. शेपटीपाशी, नीट वाकून पाहिलं तर, पांढऱ्या धाग्यासारख्या दोन-दोन रेषा, त्याही पुसट. कणाभर प्रकाश पाठीवर तिरका पडला तेव्हा कण्यावरची खवल्यांची मधली ओळ दिसली, बाकीच्या खवल्यांपेक्षा मोठी, षटकोनी. मण्यारच होता. मुलाचा पाय त्याच्यापासून हातभरावर होता, चप्पलसुद्धा नव्हती.

मण्यार चावल्यावर फारसं दुखत नाही, सूज येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतही नाही, आणि पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात. तेव्हा ‘पट्टे कसे होते’ यावर वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, डॉक्टर लक्षणं बघून ते देतात. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. चावलेला हात-पाय हलवू न देता माणसाला लगेच दवाखान्यात पोचवा.

बाईंना मी फॉरवर्डऐवजी दोन काती दिल्या, एक मण्यारची, एक कवड्याची, कागदावर चिकटवून. कातीत रंग जवळजवळ उरत नाही, दोन्ही सारख्याच पांढुरक्या, पारदर्शक दिसतात. पण उजेडाकडे धरलं की मण्यारच्या पाठीवर षटकोनी खवल्यांची मोठी ओळ सरळ वरपासून खालपर्यंत जाते आणि शेपटीखालचे खवले एकेरी असतात. कवड्याला ती मोठी ओळ नाही आणि शेपटीखाली खवले जोडीजोडीने. सातवीच्या मुलांनी भिंग घेऊन मोजले. एका मुलीने विचारलं, जिवंत साप समोर असताना हे कसं बघायचं? मी म्हटलं, तू बघायचं नाहीस. चार पावलं मागे व्हायचं, नजर सापावर ठेवायची आणि आम्हाला फोन करायचा. बघायचं काम आमचं.